बाळाचं दूध पितळेच्या पातेल्यात तापवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळ पाच महिन्यांचं. अंगावरचं दूध पुरत नाही असं वाटून गेले तीन आठवडे दिवसातून दोनदा गाईचं दूध पाणी घालून दिलं जातंय. सासूबाईंनी हौसेने नवं पितळेचं पातेलं आणि काशाची वाटी आणली आहे. 'आमच्या वेळी सगळी मुलं याच भांड्यांतल्या दुधावर वाढली,' असं त्यांचं म्हणणं. पण यजमानांच्या आजीची दोन मुलं दीड-दोन वर्षांची असताना 'लिव्हर होऊन' गेली, असंही त्याच घरात सांगितलं जातं. विचारणाऱ्या ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: या भांड्यांतलं दूध चालेल का, आतापर्यंत दिलं त्याने काही झालं असेल का, आणि नवरा रोज तांब्याच्या बाटलीतलं पाणी पितो तेही बंद करायचं का.

आधी थेट उत्तर देते, कारण बाळ रोज दूध पितंय. बाळाचं दूध पितळेच्या, तांब्याच्या किंवा काशाच्या भांड्यात तापवू नका आणि ठेवू नका, आजपासूनच. तीन आठवड्यांत बाळाच्या यकृताला मोठी इजा झाली असेल ही शक्यता फार कमी आहे, तरी एकदा डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या. यजमानांच्या बाटलीचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर शेवटी लिहिते. मी इतक्या ठामपणे का सांगते तेही सविस्तर सांगायला हवं. 'डॉक्टर नको म्हणतात' एवढ्यावर सासूबाईंनी का ऐकावं? ज्यांनी तीन-चार मुलं वाढवली आहेत त्यांना कारण कळण्याचा हक्क आहे.

पितळ चांगलं की वाईट, असा हा प्रश्नच नाही. पितळेच्या भांड्यांत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भात शिजला, पाणी भरलं गेलं, आणि त्याने कुणाचं यकृत खराब झालेलं नाही. धोका होतो तो तीन गोष्टी एकत्र आल्या की: कल्हई (आतून दिलेला कथलाचा मुलामा) नसलेलं किंवा ती झिजलेलं तांब्या-पितळेचं भांडं, त्यात तापवलेलं आणि तासन्‌तास राहिलेलं दूध, आणि ते पिणारं काही महिन्यांचं बाळ. यातली एक जरी गोष्ट काढली तरी चित्र बदलतं. तुमच्या घरी सध्या तिन्ही एकत्र असण्याची शक्यता आहे, म्हणून मला काळजी वाटते.

ज्याला घरोघरी 'लिव्हर झालं' म्हणायचे तो आजार आज तरुण डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलेला असतो. त्याचं नाव इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, म्हणजे लहानपणीच यकृत निबर आणि टणक होत जाण्याचा आजार. कोलकात्यात १८८७ साली सेन यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं देशाच्या अनेक भागांत या आजाराने लहान मुलं नेली. पुणे आणि आसपासचा ग्रामीण भाग त्यात होता. मी बालरोगशास्त्र शिकत होते तेव्हा अशी बाळं वॉर्डात असायची. वय साधारण सहा महिने ते तीन वर्षं. सुरुवात अगदी मुकाट्याने व्हायची: पोट थोडं मोठं दिसायचं, बारीक ताप यायचा, मूल किरकिरं व्हायचं, खाणं कमी व्हायचं. आई म्हणायची, 'दात येतायत बहुतेक.' आमचे सर आम्हाला बाळाच्या पोटावर हात ठेवायला लावत. उजव्या बरगडीखाली बोटं हलकेच दाबली की यकृताची कड लागायची, पानाच्या कडेसारखी पातळ आणि धारदार, पण लाकडासारखी टणक. एवढ्या लहान मुलाचं यकृत मऊ असायला हवं. ती कड एकदा बोटांना लागली की पुढचं बहुधा ठरलेलं असायचं. कावीळ आणि पोटात पाणी झालं की मूल काही महिन्यांत जायचं. एकाच घरात पाठोपाठची दोन भावंडं गेल्याचं ऐकायला मिळायचं.

हा आजार अगदी गरीब घरांत जास्त दिसत नसे. तो दिसे तो खेड्यातल्या बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरांत, जिथे दावणीला गाय किंवा म्हैस होती आणि मांडणीवर पितळेची भांडी होती. नुसत्या कुपोषणाने याचा खुलासा होत नव्हता. कुणी विषाणू म्हणालं, कुणी धान्यावरच्या बुरशीचं विष, कुणी आनुवंशिक दोष. प्रत्येक म्हणण्यात थोडं तथ्य वाटायचं, पण पूर्ण चित्र कशानेच जुळेना.

पहिला पक्का धागा मिळाला तो यकृताच्या तुकड्यांतून. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. या मुलांच्या यकृताच्या काचपट्ट्या ऑर्सिन नावाच्या रंगद्रव्याने रंगवल्या, तर पेशींमध्ये गडद तपकिरी कण ठासून भरलेले दिसले. तांब्याला बांधून ठेवणारं प्रथिन असं रंगतं. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष तांबं मोजलं गेलं. त्या निबंधात ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर आणि पुण्याचे डॉ. आनंद पंडित ही दोन्ही नावं आहेत. आकडा किती मोठा होता ते समजावं म्हणून सांगते. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबं असतं. विल्सन डिसीज हा तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार, त्यात ते २५० च्या वर जातं. या मुलांमध्ये ते बहुधा हजाराच्याही पुढे गेलेलं असे.

मग इतकं तांबं आलं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं ते मला आजही आदर्श वाटतं. त्यांनी आयांना बारकाईने विचारलं: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, कशात तापवलं, कशात ठेवलं. १९८३ मध्ये, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच, त्यांनी मांडलं की आजारी मुलांना फार लवकर जनावराचं दूध सुरू झालं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं, साठवलं जात होतं. १९८७ मध्ये आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला घेतलेली निरोगी मुलं यांच्या आहाराची तुलना छापून आली. तिनेही बोट तिथेच दाखवलं. या कामात महागडं यंत्र नव्हतं. आयांशी बोलण्याची चिकाटी होती.

सासूबाईंचा इथे एक रास्त आक्षेप येईल: 'पितळेत आंबट ठेवायचं नाही हे आम्हालाही कळतं. दूध कुठे आंबट असतं?' बरोबर आहे. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हिरवट होते, तोंडात घेववत नाही, आणि मग ती फेकली जाते. म्हणजे जीभच आपल्याला वाचवते. दुधाच्या बाबतीत तसं होत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. १९८९ मध्ये प्रयोगशाळेत पितळेच्या भांड्यांत दूध तापवून आणि ठेवून तपासलं गेलं, तेव्हा हेच दिसलं: दूध भांड्यातून तांबं ओढून घेतं आणि ते केसीनला चिकटून राहतं. म्हणजे दूध कळकलेलं कळत नाही. सकाळी तापवलेलं दूध त्याच तपेल्यात संध्याकाळपर्यंत राहतं, पुन्हा तापतं, आणि बाळाच्या पोटात जातं. त्या पिढीतल्या आयांना जे ठाऊक होतं ते खरंच होतं. दुधाची ही गोष्ट मात्र घरात कळण्यासारखी नव्हतीच.

दुसरी बाजू बाळाच्या यकृताची. शरीरातलं जादा तांबं बाहेर जातं ते पित्तातून. नवजात बाळात ही व्यवस्था कच्ची असते. आईच्या पोटात असतानाच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा होतो, म्हणून जन्मतः त्याच्या यकृतातलं तांबं मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि पहिल्या काही महिन्यांत ते हळूहळू उतरतं. आईच्या दुधात तांबं बेताचंच असतं. नेमक्या या काळात, साठा उतरायचा असताना, दुधातून रोज नवं तांबं येऊ लागलं तर बाहेर टाकणारी वाट पुरी पडत नाही. मोठ्या माणसाला ते सहज निपटतं. दीड महिन्याच्या किंवा पाच महिन्यांच्या बाळाला नाही. त्यातून बाळाचा बहुतेक सगळा आहार म्हणजे दूधच, त्यामुळे वजनाच्या मानाने मात्राही मोठी.

एवढं वाचून वाटेल की सगळं सिद्ध झालं. पण संशोधनात काम करणाऱ्या माणसाने दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पितळेच्या भांड्यातलं दूध लाखो बाळांनी प्यायलं आणि त्यातली बहुसंख्य धडधाकट वाढली, म्हणजे सासूबाई खोटं बोलत नाहीत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांचा अभ्यास १९९४ मध्ये छापला गेला. तिथल्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमहून जास्त तांबं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा दोन आहे, त्याच्या चौपट. तरी तिथे अनेक वर्षांत लहान मुलांचे यकृताच्या आजाराने मृत्यू नोंदलेले आढळले नाहीत. आपल्याकडेही काही विकृतिशास्त्रज्ञांचं म्हणणं राहिलं की तांबं हे मूळ कारण नसून आधी आजारी पडलेल्या यकृतात ते मागाहून साठत असावं. काही मुलांच्या घरी पितळेचा वापर सापडलाच नाही, हाही त्यांचा मुद्दा होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

मग मी तांब्याच्या बाजूने का? एक म्हणजे टायरॉल. ऑस्ट्रियाच्या या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच आजाराने गेल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. यकृताचं चित्र आपल्या मुलांसारखंच. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवून बाळांना दिलं जाई. भांडी बदलली आणि आजार संपला. वंश वेगळा, हवा वेगळी, खाणं वेगळं, समान काय ते तांब्याचं भांडं आणि दूध. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: आजार ठरावीक कुटुंबांत, दोन्ही बाजूंनी दोष आला की दिसावा तसा पसरला होता. म्हणजे तांबं पोटात जाणं ही एक अट आणि ते पेलू न शकणारी शरीराची घडण ही दुसरी अट. दोन्ही जुळल्या तरच मूल आजारी. हा दोष विल्सन डिसीजच्या जनुकाचा नाही, एवढंही पुढे तपासून झालं. मॅसॅच्युसेट्सची मुलं का वाचली आणि आपल्याकडे एकाच पातेल्यातलं दूध पिणाऱ्या भावंडांपैकी एकालाच का झालं, याचा उलगडा मला यातच सर्वांत चांगला होतो.

दुसरं कारण उपचाराचं. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध पुण्यात या मुलांना दिलं गेलं. कावीळ होण्याआधी सुरू केलं तर काही मुलं वाचली. उशीर झाला तर उपयोग होत नसे. १९९६ मध्ये याच गटाने वाचलेल्या मुलांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा मांडला. त्यातल्या काहींचं यकृत पुन्हा नेहमीसारखं दिसू लागलं होतं आणि औषध थांबवल्यावरही आजार उलटला नव्हता. विल्सनमध्ये औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. इथे बंद करता आलं, कारण बाहेरून येणारं तांबं थांबलं होतं आणि मूलही त्या नाजूक वयातून पुढे गेलं होतं. एरवी इतका पक्का सिऱ्होसिस असा मागे फिरताना क्वचितच दिसतो.

आणि तिसरं, आजार गेला. घरोघरी स्टील आणि ॲल्युमिनियम आलं, दवाखान्यांत आयांना सांगितलं जाऊ लागलं, आणि १९९० च्या दशकात वॉर्डातली ती बाळं दिसेनाशी झाली. हा एकटा पुरावा मी पुरेसा धरणार नाही, कारण त्याच काळात लसीकरण, रस्ते, दवाखाने, आयांचं शिक्षण असं बरंच काही बदललं. पण बाकीच्या पुराव्यांशेजारी ठेवला की त्याचं वजन वाढतं.

तर इथवरचा हिशोब असा: कल्हई नसलेल्या भांड्यातलं दूध प्रत्येक बाळाला आजारी पाडत नाही, ज्याच्या शरीरात ते पेलायची ताकद कमी आहे त्याला पाडतं, आणि ते बाळ कोणतं हे आधी ओळखायची कुठलीही तपासणी आज आपल्याकडे नाही. भांडं बदलायला मात्र काहीच लागत नाही. माझ्या ठामपणाचं कारण एवढंच आहे.

आता तुमच्या बाळाकडे वळू. मी समोर असते तर आधी भांड्यांबद्दल विचारलं असतं, आणि 'कोणतं भांडं वापरता' असं विचारलं नसतं. त्यावर हमखास 'स्टीलचं' असं उत्तर येतं, कारण पाजायची वाटी स्टीलची असते. मी दुधाच्या मागे मागे जाते. पिशवी फोडली की दूध कशात ओतता? त्याच भांड्यात तापवता का? गार झाल्यावर कुठे राहतं? रात्रीचं दूध कशात असतं? पाणी घालता ते कुठलं, हंड्यातलं की कळशीतलं? कधी कधी मी भांडंच घेऊन यायला सांगते. पातेलं उजेडात तिरकं धरलं की कळतं. कल्हई असेल तिथे आतून चांदीसारखा पांढुरका रंग असतो. डावेने खरवडून तळाच्या कडेला आधी झिजते आणि तिथे पिवळं पितळ डोकावतं. तुमचं पातेलं नवं आहे म्हणता, तर त्याला आतून कल्हई आहे का ते आजच पाहा. आतून पिवळं धमक असेल तर कल्हई केलेलीच नाही.

कल्हई असेल तर किती फरक पडतो? चांगल्या कथलाची, अखंड कल्हई दूध आणि पितळ यांच्यामध्ये आड येते आणि तांबं फारसं उतरू देत नाही. पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा, भाता लावून, नवसागर टाकून भांडी पांढरी करून द्यायचा, आणि हे नियमाने होत असे. आज बहुतेक शहरांत तो मिळत नाही, मिळाला तर वर्षा-दोन वर्षांतून एकदा. शिवाय कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं, आणि शिसं तर बाळाच्या मेंदूला घातक. म्हणून मोठ्या माणसांच्या भाजी-भातासाठी कल्हईचं पितळ जरूर वापरा, बाळाच्या दुधासाठी कल्हई असली तरी नको.

बाळाच्या तब्येतीबद्दल. बाळ अंगावरही पितंय, वरचं दूध दिवसातून दोनदाच आणि तीनच आठवडे गेलंय. जुन्या नोंदींतल्या मुलांना हे दूध महिनोन्‌महिने, मुख्य आहार म्हणून मिळत होतं. म्हणून घाबरू नका. तरी बालरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगा आणि यकृत, प्लीहा हाताने तपासायला सांगा. दोन्ही नेहमीसारखं लागलं आणि वजन नीट वाढत असेल तर मी कुठलीही रक्ततपासणी करणार नाही. रक्तातलं तांबं मोजून घ्यावं असं तुम्हाला कुणी सुचवेल, पण त्या आकड्यावरून यकृतात किती साठलंय ते कळत नाही. या आजारात रक्तातलं प्रमाण अगदी सर्वसाधारण असू शकतं, आणि साध्या तापानेही ते वर जातं. 'यकृत साफ करणारी' थेंबांची बाटलीही नको. बाळाला तिची गरज नाही, आणि तिच्यात काय आहे हे बहुतेक वेळा कुणालाच नीट ठाऊक नसतं.

मात्र पोट वाढत चाललेलं दिसलं, यकृत टणक लागलं, डोळे पिवळे झाले, शी पांढरट किंवा मातकट होऊ लागली, लघवीने लंगोट पिवळा डागाळू लागला, तर त्याच दिवशी दाखवा. तुमच्यासाठी नव्हे, पण हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी एक सांगते: महिन्याभराच्या बाळाला कावीळ आणि पांढरी शी एकत्र दिसली तर 'उन्हात ठेवा, जाईल' यावर थांबू नका. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात पित्ताला वाट करून देणारी कासाई शस्त्रक्रिया बाळ दोन महिन्यांचं होण्याच्या आत झाली तरच तिचा सर्वांत चांगला उपयोग होतो. आज माझ्याकडे उशिरा येणारी बाळं मुख्यतः या आजाराची असतात.

आजीच्या दोन मुलांबद्दल विचारलंत ते बरं केलंत. एवढ्या वर्षांनी, कागद नसताना, ती कशाने गेली हे कुणीही सांगू शकणार नाही. वय आणि काळ पाहता हाच आजार असेल असं वाटतं, पण विल्सन, संसर्गाची कावीळ, चयापचयाचे काही जन्मजात आजार अशा बऱ्याच शक्यता उरतात. सासूबाईंना किंवा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना शांतपणे विचारा: पोटात पाणी झालं होतं का, कावीळ किती दिवस होती, वरचं दूध कधी सुरू झालं होतं, वाचलेल्या भावंडांपैकी कुणाला पुढे तरुणपणी यकृताचा त्रास किंवा हातापायांना कंप सुटला का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'हो' असेल तर विल्सनचा विचार करावा लागेल. त्याची सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन) ही तपासणी या वयात करून घेऊ नका, कारण लहान बाळात ते मुळातच कमी असतं आणि उगाच घबराट होते. ती कधी करायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तुमचं आणि यजमानांचं लग्न नात्यातलं आहे का, आते-मामेभावंडांमधलं, हेही त्यांना सांगा. तसं असेल तर मी दर भेटीला पोट हाताने तपासेन.

प्रश्नात न विचारलेली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पाच महिन्यांच्या बाळाला गाईचं दूध मुळात हवंच का? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. 'पुरत नाही' असं वाटणं फार सर्रास असतं, पण खरोखर न पुरणं त्या मानाने कमी. बाळ दिवसात सहा-सात वेळा लघवी करतंय आणि वजन वाढतंय तर दूध पुरतंय. गाईच्या दुधात लोह कमी, त्यातलं प्रथिन या वयाच्या आतड्याला जड, आणि पाणी घातलं की ताकदही कमी होते. वरचं दूध खरंच लागणार असेल तर वर्षाच्या आत डॉक्टरांना विचारून डब्याचं दूध द्या. पुण्यातल्या त्या मुलांच्या कहाणीतही भांड्याइतकीच ठळक बाब होती ती लवकर सुरू झालेलं वरचं दूध. जी बाळं अंगावर जास्त काळ राहिली त्यांच्या पोटात ते तांबं पोचलंच नाही.

सासूबाईंनी आणलेली भांडी परत करायची गरज नाही. पातेल्याला कल्हई करून घ्या आणि त्यात घरच्यांचा मसालेभात होऊ द्या. काशाच्या वाटीत तांबं भरपूर असतं, म्हणून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्याचं खाणं-पिणं तिच्यात नको. उष्टावणाला वाटी हवीच असेल तर चांदीची घ्या, खऱ्या चांदीचा त्रास नाही. 'जर्मन सिल्व्हर' नावाने मिळते ती मात्र चांदी नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण असतं, ती घेऊ नका. सासूबाईंशी बोलताना 'तुमच्या काळचं चुकीचं होतं' अशी सुरुवात करू नका. ताक कळकतं ते त्यांना माहीत आहे, तिथून सुरू करा, आणि दूध कळकलेलं जिभेला कळत नाही हे सांगा. आमच्या ओपीडीत हे एवढं सांगितलं की बहुतेक आज्या स्वतःच पातेलं बाजूला ठेवतात. ज्या घरात मूल गेलेलं असतं त्या घरातल्या तर नक्कीच.

राहिली यजमानांची बाटली. निरोगी मोठ्या माणसाने रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं साधं पाणी पिण्यात मला धोका दिसत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की जुलाब करणारे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं तर ते जंतू मरतात, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आतच राहतं. पाण्यात केसीन नाही, आंबटपणा नाही, आणि मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तातून टाकून देतं. मात्र त्या बाटलीत लिंबू-सरबत, ताक, फळांचा रस भरू नये, त्याने मळमळ आणि उलट्या होतात. घरात कुणाला विल्सन असेल किंवा पित्त अडण्याचा जुना आजार असेल तर त्यांनी हे पाणी पिऊ नये. आणि बाळाचं डब्याचं दूध कालवायला त्या बाटलीतलं किंवा पितळी कळशीतलं पाणी घेऊ नका, स्टीलच्या पातेल्यात उकळून गार केलेलं घ्या.